घड्याळ आहे, गाडी नाही

तासगावात गाडीचा वेग ताशी किलोमीटरात कुणी सांगत नाही. ‘सांगली वीस मिनिटात मारली,’ असं सांगतात. अंतर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी पंच्याहत्तर. आकडा ऐकायला साधा वाटतो. पण वाटेत कवठे एकंद आहे, कुमठे, कवलापूर, बुधगाव आहे, माधवनगर आहे. गावोगावी गतिरोधक, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, आणि रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी मधोमध बसलेली म्हैस. यातून पंच्याहत्तरची सरासरी काढायची तर मोकळ्या पट्ट्यात काटा शंभराच्या बराच पुढं न्यावा लागतो.

मग ऐकणारा विचारतो, ‘कुठनं कुठं, लगा?’ खरी गंमत इथनं सुरू होते. एकाचं तासगाव गणपतीच्या गोपुरापाशी सुरू होतं, दुसऱ्याचं गावाबाहेरच्या शेवटच्या पेट्रोल पंपापासून. एकाची सांगली माधवनगर लागलं की येते, दुसऱ्याची विश्रामबागला. एक पहाटे पाचला निघालेला, दुसरा बाजाराच्या दिवशी. एकाच्या गाडीत तो एकटा, दुसऱ्याच्या डिकीत बेदाण्याचे बॉक्स आणि मागच्या सीटवर सासू-सासरे. तरी दोघंही हट्टानं म्हणणार की माझी स्विफ्ट तुझ्या आय-ट्वेंटीपेक्षा पळते. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त वाहनं बदलली. आधी खोंड होते, मग राजदूत आणि यामाहा आल्या, आता मोटारी आहेत. वाद मिटत नाही, कारण तो मिटवायला लागणारं समान अंतर, समान ओझं आणि एकच घड्याळ यांतलं काहीच रस्त्यावर नसतं.

ते सगळं असतं रेसिंग गेममध्ये. म्हणूनच अशा गेमच्या नादाला लागलेला माणूस गाड्यांची यादी उघडली की फेरारीकडं आधी जात नाही. तो आपल्या दारातली गाडी शोधतो. ती सापडली की ट्रॅकवर नेतो, एक फेरी मारतो, वेळ बघतो आणि मग मित्राच्या दारातली गाडी काढतो. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं हेच केलं आहे. मीही केलं.

हा खेळ मुळात अशाच माणसांसाठी मांडला गेला होता. जपानच्या काझुनोरी यामाउची यांनी डिसेंबर १९९७ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर ‘ग्रॅन टुरिस्मो’ आणला, तेव्हा बाकीचे गेम आतषबाजी आणि उड्या विकत होते. यामाउचींच्या गेममध्ये खेळाडूच्या हातात सुरुवातीला दहा हजार क्रेडिट पडत. त्यात नवी भारी गाडी येत नसे. मग सेकंडहँड विभागात जायचं, जुनी बारकी गाडी घ्यायची, शर्यती मारायच्या आणि मिळालेल्या पैशातून सायलेन्सर, क्लच, टायर बदलत जायचं. सांगली-कोल्हापूरकडं ज्यानं जुनी मारुती घेऊन तिच्यावर थोडे-थोडे पैसे घातले आहेत त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. यामाउची नुसते पडद्यावरचे शौकीन नाहीत. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ते स्वतः उतरले आहेत आणि २०११ साली त्यांच्या गाडीनं आपला वर्ग जिंकला होता.

आता यादीकडं येऊ. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये स्विफ्ट आहे. पाहून जीव हरखतो. पण ती स्विफ्ट स्पोर्ट आहे. तिचं इंजिन १.४ लिटरचं टर्बो, ताकद १४० पीएस, वजन ९७० किलो. मे २०२४ मध्ये आपल्याकडं आलेल्या नव्या स्विफ्टचं इंजिन १.२ लिटरचं, ताकद सुमारे ८२ पीएस, वजन नऊशे किलोच्या थोडं वर. टनामागं हिशेब केला तर गेममधल्या गाडीला एकशे चव्वेचाळीस अश्व आणि आपल्या गाडीला नव्वदच्या आत-बाहेर. चेहरा तोच, आतला जीव वेगळा. जिम्नीचीही तीच कथा. जपानी जिम्नी तीन दारांची, ६५८ सीसी टर्बोची, ६४ पीएसची. जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली ती पाच दारांची, दीड लिटरची, १०५ पीएसची. गेममधल्या जिम्नीची वेळ बघून कुणी शोरूममधली जिम्नी जोखायला गेला तर तो शेजाऱ्याच्या पोराची गुणपत्रिका बघून आपल्या पोराला कॉलेज शोधतोय.

यावर उपाय आहे, आणि तो गमतीदार आहे. गेममध्ये पॉवर रिस्ट्रिक्टर नावाचा भाग मिळतो, तो बसवला की इंजिनाची ताकद घटते. बॅलास्ट मिळतं, ते टाकलं की वजन वाढतं. सगळं जग पैसे मोजून गाडी पळवायला बघत असताना आपण पैसे मोजून ती रोड करायची. एवढं करून तयार होते ती आपल्या स्विफ्टची मावसबहीण. गिअरचे दात वेगळेच राहतात, टर्बोचा ओढा वेगळाच राहतो. तरी कामचलाऊ तुलना निघते.

अशी रोडावलेली स्विफ्ट घेऊन मी त्सुकुबाला जातो. टोकियोच्या ईशान्येला असलेला हा ट्रॅक लहान आहे, २.०४५ किलोमीटरचा. जपानी मोटार मासिकं वर्षानुवर्षं गाड्या इथंच जोखत आली, म्हणून घरगुती गाडीला ही तालीम योग्य. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात जास्त वेगानं घातली की तोंड बाहेर काढते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती सरळच जाऊ बघते. पहिल्या फेऱ्यांत मी प्रत्येक वळणाला तेच करतो. ब्रेक उशिरा, स्टिअरिंग जास्त, टायर केकाटतात आणि वाटतं की काय पळतेय गाडी. पण मागच्या चांगल्या फेरीची अर्धपारदर्शक गाडी, ज्याला खेळणारे घोस्ट म्हणतात, ती आवाज न करता पुढं निघून जाते. मग ब्रेक चार हात आधी दाबला, वळणाच्या पोटात गाडी थांबल्यासारखी वाटू दिली आणि बाहेर पडताना पाय हळूहळू दिला की घोस्ट मागं पडतं. शेवटचं उजवं वळण तर निव्वळ संयमाची परीक्षा आहे. तिथं तोंड बाहेर गेलं की त्याचा दंड पुढची सगळी सरळ पट्टी भरत बसावं लागतं.

यानंतर टायर बदलून बघायचे. गाडी तीच, ट्रॅक तोच. स्पोर्ट्स टायर काढून कम्फर्ट टायर घालायचे. ते आपल्या रोजच्या टायरच्या जवळचे. वेळ एकदम ढासळते. ताकद बरीच कमी करून जेवढा फरक पडत नाही तेवढा कधीकधी नुसत्या रबरानं पडतो. चहाच्या गाड्यावर दहा माणसं इंजिनावर तास-तासभर बोलतात, सीसी आणि टर्बो काढतात, आणि बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्याच गाड्यांचे टायर टकले झालेले असतात. घड्याळानं मला दिलेलं पहिलं ज्ञान हे, आणि माझ्या मते एवढ्यासाठी तरी प्रत्येक गाडीमालकानं हा खेळ एकदा खेळावा.

गेममधली वेळ खरी असते का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेलच. त्याची सगळ्यांत गाजलेली चाचणी ‘टॉप गिअर’ या ब्रिटिश कार्यक्रमानं २००५ साली केली. त्याचा सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसननं ‘ग्रॅन टुरिस्मो ४’मध्ये होंडा एनएसएक्स घेऊन कॅलिफोर्नियातल्या लगुना सेकावर १ मिनिट ४१.१४८ सेकंदांची फेरी लावली. मग तो खरोखर तिथं गेला, खऱ्या एनएसएक्समध्ये बसला, आणि त्याची उत्तम फेरी १ मिनिट ५७ सेकंदांची झाली. ३.६ किलोमीटरच्या ट्रॅकवर सोळा सेकंद! सरासरीत मांडलं तर गेममध्ये ताशी १२८, प्रत्यक्षात १११. त्या ट्रॅकवर कॉर्कस्क्रू नावाचं एक वळण आहे. तिथं रस्ता डोळ्यांपुढून नाहीसा होतो आणि गाडी एकदम उतारावर कोसळते. पडद्यावर तिथं ब्रेक न दाबता जाता येतं. प्रत्यक्षात पोटात गोळा येतो आणि पाय आपोआप ब्रेकवर पडतो. ते सोळा सेकंद गाडीचे नव्हते, भीतीचे होते. गेममध्ये ब्रेकांचा खरा वास येत नाही, चुकलं तर बटण दाबून फेरी पुन्हा सुरू होते, आणि गाडीचा हप्ता कुणी भरत नसतं.

मात्र उलटी उदाहरणंही आहेत आणि ती जास्त विचार करायला लावतात. निसान आणि प्लेस्टेशननं २००८ पासून जीटी अकॅडमी चालवली. पडद्यावर सर्वांत जलद फेऱ्या लावणारे निवडायचे आणि खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवायचे. २०११ चा विजेता जॅन मार्डेनबरो पुढं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीपर्यंत गेला. त्याच्यावरचा चित्रपट २०२३ साली आला. २०१४ साली ही स्पर्धा भारतातही झाली आणि माजी फॉर्म्युला वन चालक करुण चांढोक तिचा मार्गदर्शक होता. म्हणजे पडद्यावरची फेरी भीती शिकवत नसली तरी बाकी पुष्कळ शिकवते. कुठं बघायचं, कधी थांबायचं आणि गाडीचं वजन पुढच्या चाकावर कसं आणायचं, हे तिथं शिकता येतं.

स्वतःच्या गाडीची खरी फेरी आणि गेममधली फेरी शेजारी-शेजारी ठेवायची सोय एकदाच नीट झाली. टोयोटानं २०१४ च्या सुमारास जपानमध्ये ८६ या गाडीसाठी एक नोंदयंत्र काढलं. मालकानं आपली ८६ त्सुकुबा, फुजी किंवा सुझुकाच्या ट्रॅकवर चालवायची. यंत्र उपग्रहाकडून जागा आणि गाडीकडून ब्रेक, गिअर, ॲक्सिलरेटर टिपून घ्यायचं. घरी येऊन ती नोंद ‘ग्रॅन टुरिस्मो ६’मध्ये टाकली की आपलीच सकाळची फेरी पडद्यावर दिसायची आणि संध्याकाळी तिच्याशी शर्यत लावता यायची. मला हे या सगळ्या खेळातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं. पण गाडी एकच, ट्रॅक तीन आणि देश जपान.

आपल्या गाड्या तिथं का नाहीत? एक कारण परवान्याचं. गाडीचं नाव, बोधचिन्ह आणि आकार वापरायला कंपनीची लेखी परवानगी लागते. ती किती आडवी येऊ शकते याचा नमुना म्हणजे पोर्श. तिच्या परवान्याची मक्तेदारी दीड दशकाहून जास्त काळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडं होती. त्यामुळं ‘ग्रॅन टुरिस्मो’त पोर्श दिसायची ती रूफ या जर्मन कारखान्याच्या नावाखाली, आणि पोर्श म्हणून ती २०१७ मध्ये आली. दुसरं कारण कष्टाचं. एक गाडी नीट उतरवायची म्हणजे तिचं कातडं मोजायचं, इंजिनाचा ओढा, गिअरचं गणित, स्प्रिंगा, टायर, पुढच्या-मागच्या धुऱ्यांवरचं वजन, सगळं मांडायचं. एवढा खर्च कंपनी किंवा गेमवाला तेव्हाच करतो जेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजतं. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या पोरानं सुमोसाठी पैसे का मोजावेत?

तरी महाराष्ट्राशी नाळ असलेली काही नावं त्या दुनियेत पोचली. मुंबईच्या महिंद्राची फॉर्म्युला ई गाडी ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ६’ या गेममध्ये होती. टाटांचं प्रकरण तर चटका लावणारं आहे. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सनं टामो रेसमो ही दोन आसनी गाडी दाखवली. इंजिन मध्यभागी, १.२ लिटर टर्बो, १९० पीएस, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत. ती ‘फोर्झा होरायझन ३’मध्ये येणारी पहिली भारतीय गाडी असेल, असंही त्याच वेळी जाहीर झालं. पुढं टाटांनी तो प्रकल्पच गुंडाळला. गेमच्या दारापर्यंत गेलेली ही भारतीय गाडी कुठल्याही शोरूममध्ये आली नाही आणि कुणाच्या दारात उभी राहिली नाही. विंगर, इंडिका, बोलेरो, स्कॉर्पिओ ज्यांनी या जिल्ह्यात खरोखर किलोमीटर कापले, त्यांना त्या यादीत कुणी विचारलं नाही.

याच्या नेमकं उलट चित्र मोबाइलवर आहे. तासगावच्या कुठल्याही आळीत पाचवी-सातवीतल्या पोराच्या हातातला फोन बघा. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हा गेम उघडलेला असतो. त्यातल्या फोनवर एक आकडा फिरवला की समोर थारसारखी गाडी पडते, दुसरा फिरवला की स्कॉर्पिओसारखी, तिसऱ्याला हायाबुसा. पोरांना हे आकडे पाढ्यांपेक्षा पाठ आहेत. गाडी आपली आहे, रस्ता आपला वाटावा असा आहे, पण फेरी नाही, घड्याळ नाही, टायर नाहीत. छतावरून उडी मारा, उलटीपालटी घ्या, गाडी जशीच्या तशी. थार आणि मोपेड यांत पळण्याचा फरक कितपत, हे त्या गेमला विचारण्यात अर्थ नाही.

अडचण थोडक्यात अशी की जिथं घड्याळ आहे तिथं आपली गाडी नाही, आणि जिथं आपली गाडी आहे तिथं घड्याळ नाही.

*

आपल्या भागानं मात्र हा प्रश्न मोटारी यायच्या कितीतरी आधी सोडवला होता, तोही दोन तऱ्हांनी. पुणे जिल्ह्यात, खेड-आंबेगाव-जुन्नरकडं, बैलगाडा घाटात एकट्यानं पळतो. पुढं घोडी, मागं बैल, आणि निकाल सेकंदांवर. समोर कुणी नाही, शत्रू फक्त घड्याळ. गेम खेळणारे ज्याला टाइम ट्रायल म्हणतात ती हीच. सातारा-सांगलीकडं मात्र आमनेसामने. आखलेल्या पट्ट्यांमधून एकाच वेळी पाच-सात गाड्या सुटतात, गटातला पहिला सेमीफायनलला, तिथला पहिला फायनलला. गाडी हाकणाऱ्याला इथं ड्रायव्हरच म्हणतात. निकालाच्या रेषेवर आता कॅमेरा असतो आणि वाद झाला तर चित्रण थांबवून-थांबवून बघतात.

समान ओझ्याचा प्रश्नही इथं सुटलेला आहे. बैलाचे दात बघून वर्ग पाडतात. दुधाच्या दातांचा तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा. आदत खोंडाला पुऱ्या बैलापुढं उभं करत नाहीत. ‘ग्रॅन टुरिस्मो’त गाडीची ताकद, वजन, टायर बघून तिला गुण देतात आणि त्या गुणांच्या मर्यादेत शर्यत लावतात, विचार तोच. माझ्या मते दात बघणं जास्त पक्कं. गुणांच्या हिशेबात फट शोधून शर्यत मारणारे खेळाडू जगभर बसलेले आहेत, दाताला फट नाही.

या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं बंदी आली. ती मोडून आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं ऑगस्ट २०२१ मध्ये झालेली शर्यत सगळ्या राज्यात गाजली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. नियमांनुसार धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नसावी. जनावरांच्या हालांचा मुद्दा निकालानं संपला असं मी मानत नाही. अटी कागदावर आहेत आणि मैदानात त्या किती पाळल्या जातात हे जाणाऱ्यानं स्वतः बघावं. इथं सांगायचं ते वेगळं आहे. परवानगी आल्यानंतर बक्षिसं बदलली. २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या मैदानात पहिलं बक्षीस थार होतं. २०२५ मध्ये बोरगावच्या माळावर फॉर्च्युनर लागली आणि ती जिंकणाऱ्या जोडीची नावं होती हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल. मोटार आता बैलांना बक्षीस म्हणून मिळते. मोटारींची आपसांत शर्यत मात्र अजून चहाच्या गाड्यावर तोंडीच.

तोंडीच राहिलेली बरी, निदान रस्त्यावर तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत. पैज लावून मारलेली ‘वीस मिनिटात सांगली’ कायद्याच्या भाषेत वेगाची चाचणीच ठरू शकते. आणि ताशी शंभरानं जाणारी गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते. कवठे एकंदच्या शाळेतून सुटलेल्या पोराला रस्ता ओलांडायला एका सेकंदाहून कितीतरी जास्त वेळ लागतो.

मग खरी फेरी कुठं लावायची? जवळात जवळ कोल्हापूर. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक पुढं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. कार्टला एक छोटा प्रक्षेपक लावलेला असतो, ट्रॅकमध्ये तार पुरलेली असते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मिळते. तिथं गाडी मात्र कार्टच असते, आपली स्विफ्ट नव्हे. मोठे ट्रॅक लांब आहेत. कोइमतूरचा करी २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा ३.७ चा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध ५.१२५ चा. बुद्धवर २०११ साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सेबास्टियन व्हेटेलनं १ मिनिट २७.२४९ सेकंदांची फेरी लावली, सरासरी ताशी २११. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननं २०१० पासून पोलोंची शर्यत मालिका चालवली, तेव्हा निदान एक ओळखीची गाडी या ट्रॅकांवर घड्याळापुढं उभी राहिली. मोबाइलच्या जीपीएसवर फेरी मोजणारे असतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की साधा फोन सहसा सेकंदाला एकदा जागा टिपतो, म्हणजे शंभराच्या वेगात दोन नोंदींमध्ये अठ्ठावीस मीटरची भगदाडं. त्यावर दशांशाची भांडणं करू नयेत.

*

भारतीय गाडी आणि घड्याळ यांची गाठ खऱ्या अर्थानं पडली ती हौशी लोकांमुळं. इटलीच्या कुनोस कंपनीनं २०१४ मध्ये ‘असेट्टो कोर्सा’ पूर्ण स्वरूपात आणला. त्यात कुणालाही स्वतः बनवलेली गाडी किंवा ट्रॅक घालता येतो. त्याला मॉड म्हणतात. देशभरातल्या पोरांनी रात्री जागून त्यात मारुती ८००, ॲम्बेसेडर घातल्या. चेन्नईचा आणि कोइमतूरचा ट्रॅक घातला. मारुती ८०० ची फेरी बघताना डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहतं. वळणात ती अशी कलते की आतली माणसं दाराला टेकल्याचा भास व्हावा.

पण मॉडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पुष्कळ मॉडमध्ये कातडं आपल्या गाडीचं आणि आतला हिशेब दुसऱ्याच कुठल्या गाडीचा उचललेला असतो. बोनेट बोलेरोचं आणि चाल जर्मन हॅचबॅकची. अशा गाडीनं लावलेली फेरी म्हणजे थापच, दशांशापर्यंत मोजलेली.

खरी बोलेरो बनवायला लागणारी पुष्कळशी माहिती तासगावात फुकट पडून आहे. ऊस, द्राक्ष आणि बेदाण्याचा हा तालुका; वजनकाट्यांना इथं तोटा नाही. गाडी काट्यावर न्यायची. आधी फक्त पुढची चाकं फळीवर घ्यायची, पावती घ्यायची. मग फक्त मागची, पुन्हा पावती. मग पूर्ण गाडी. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांवर किती भार आहे हे कळलं. एकदा रिकामी, एकदा चारशे किलो माल भरून. मोठ्या काट्याची पावती पाच-दहा किलोंच्या टप्प्यात येते, तेवढी चूक धरून चालायचं. टायरचं माप त्याच्या कडेला छापलेलं असतं, हवा पंपावर कळते. गिअरचे दात मिस्त्रीच्या सर्व्हिस पुस्तकात आहेत. स्प्रिंग किती दबते ते गाडीत पोती टाकत जाऊन टेपनं मोजता येतं. सपाट, रिकाम्या खाजगी जागेवर गाडी न्यूट्रलला सोडून ती किती अंतरात थांबते हे बघितलं की हवेचा आणि चाकांचा विरोधही अदमासे निघतो.

हे काम कुणी करावं, हेही मी सांगतो. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे. जिल्ह्यात आणि शेजारच्या कोल्हापूर, कराडात अभियांत्रिकीची इतर महाविद्यालयं आहेत. त्यांतली मुलं बाहा स्पर्धेसाठी स्वतः नळ्या जोडून गाडी बनवतात आणि पळवतात. त्यांना स्प्रिंगचं आणि धुऱ्यांवरच्या भाराचं गणित मी शिकवण्याची गरज नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दर वर्षी तीच ती पाण्याची टाकी आपोआप बंद करणारी यंत्रं होतात. त्याऐवजी एका गटानं बोलेरो पिकअप घ्यावी, दुसऱ्यानं आपली ८२ पीएसची स्विफ्ट, तिसऱ्यानं जुनी इंडिका. मापं काढावीत, मॉड करावा आणि मापांच्या पावत्या त्याच्यासोबत सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात, म्हणजे कुणालाही तपासता येईल.

आणि गाडीमालकांनी त्या पोरांना गाडी एक दिवस द्यावी. काट्याचे पैसे फार लागत नाहीत.